‘पित्त झालंय’ म्हणजे नेमकं काय होतंय?

सोमवारची सकाळ, सिव्हिल हॉस्पिटलची मेडिसिनची ओपीडी. पन्नाशी उलटलेला एक माणूस डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर बसतो आणि बसता बसताच सांगून टाकतो, ‘‘पित्त झालंय साहेब. पित्ताची गोळी द्या.’’ मागे रांग दारापर्यंत गेलेली. पित्ताची गोळी लिहायला दहा सेकंदही लागत नाहीत. पण डॉक्टर विचारतात, ‘‘तात्या, पित्त झालंय म्हणजे नेमकं काय होतंय?’’ आता तात्या जरा थांबतात. ‘‘रानाकडं जाताना चढ लागला की छातीत आवळल्यागत होतं. डाव्या दंडात कळ जाते. बांधावर पाच मिनिटं बसलं की जातं बघा सगळं.’’

हे पित्त नव्हे. श्रम केल्यावर येणारे आणि विसाव्याने जाणारे छातीतले आवळणे म्हणजे बहुधा हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असल्याची खूण. तात्यांना गोळीआधी ईसीजी हवा. तो चांगला आला तरी पुढचा तपास हवाच, कारण त्रास नसताना काढलेला ईसीजी अशा आजारात चांगलाही येऊ शकतो. सातारा असो की सांगली, असे तात्या प्रत्येक ओपीडीत भेटतात. ते काही लपवत नाहीत. काय होते ते सांगायचे सोडून काय झाले असावे ते सांगतात, इतकेच. त्रासाऐवजी निदान. आणि समोरचा डॉक्टर घाईत असेल तर ते निदान तसेच कागदावर उतरते.

बोलणे-लिहिणे सुधारायचे म्हटले की आपल्याला वक्तृत्व स्पर्धा, निबंधाची वही किंवा इंग्रजी बोलायला शिकवणारे क्लास आठवतात. दवाखान्यात चार वाक्यांत आपले दुखणे सांगता येणे हे कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते, हे कुणाच्या मनात येत नाही. खरे तर रोजच्या बोलण्याची याहून कडक परीक्षा दुसरी नसेल. वेळ तर फारच थोडा. ६७ देशांतील अभ्यासांचा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर-रुग्ण भेटीचा सरासरी वेळ स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद आणि भारतात सुमारे दोन मिनिटे निघाला. त्या दोन मिनिटांतही रुग्णाला सलग बोलू दिले जाते असे नाही. अमेरिकेत १९८४ मध्ये केलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला मध्येच तोडतात, असे दिसले होते.

याची दुसरी बाजूही तपासली गेली आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे डॉक्टरांना सांगण्यात आले की, रुग्ण आपणहून थांबेपर्यंत मध्ये बोलायचे नाही. ३३५ रुग्णांची वेळ मोजली. सरासरी भरली ९२ सेकंद. पाल्हाळ लावतात म्हणून ज्यांना गप्प केले जाते, ती माणसे दीड मिनिटात आपली कहाणी संपवतात! हे वाचून डॉक्टरांनीच थोडे वरमायला हवे.

रुग्ण काय सांगतो याला इतके महत्त्व का? रक्ताच्या चाचण्या, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आहेतच की. तर १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये ८० नव्या रुग्णांवर एक पडताळणी झाली. नुसती हकिगत ऐकून डॉक्टरांनी बांधलेले निदान शेवटपर्यंत टिकले अशा रुग्णांची संख्या होती ६६. शारीरिक तपासणीमुळे सात जणांचे निदान बदलले आणि प्रयोगशाळेमुळे आणखी सात जणांचे. त्यानंतर यंत्रे कितीतरी पुढे गेली, पण कोणते यंत्र कोणासाठी वापरायचे हे अजूनही हकिगतच ठरवते. आपल्याकडे आयुर्वेदाने रोगी तपासायचे तीन मार्ग सांगितले ते दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. प्रश्नाला उत्तर नीट मिळाले नाही तर तिसरा मार्ग बंदच.

वेदनेसाठी मराठीइतके शब्द फार थोड्या भाषांत असतील. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. रुग्ण वापरतात ते इंग्रजी शब्द गोळा करून त्यांनी ७८ शब्दांचे २० गट पाडले. कोणता शब्द रुग्ण निवडतो यावरून दुखणे कशाचे आहे याचा अंदाज येतो, हे त्यामागचे सूत्र. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या आजीला ही प्रश्नावली द्यायची गरजच नाही. तिच्याकडे कळ आहे, ठणका आहे, चमक, उसण, रग, मुरडा, जळजळ, टोचणी, सल आहे. आणि यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. बोट ठणकते आहे म्हटले, तर आत पू धरला असण्याची शक्यता. तळपायांची आग होते, मुंग्या येतात म्हटले, तर साखर तपासायला हवी, कारण मधुमेहात नसा अशाच बोलू लागतात. पोटात मुरडा येतो आणि संडासला जाऊन आल्यावर बरे वाटते, तर दुखणे आतड्याचे. कुशीत सुरू होऊन जांघेत उतरणारी कळ, माणूस एका जागी बसूच शकत नाही, तर मुतखडा. याउलट पोट दुखणारा माणूस अंथरुणात हलायलाही तयार नसेल, खोकला आला तरी कळवळत असेल, तर पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आलेली असू शकते आणि गाठ सर्जनशी आहे.

इतकी श्रीमंती घरात असताना ओपीडीत मात्र ‘‘लई दुखतंय’’ एवढेच ऐकू येते. डॉक्टरांपुढे शुद्ध बोलले पाहिजे, आपली गावची भाषा चालणार नाही, अशी एक भीती त्यामागे असते. ही भीती टाकून द्यावी. ‘वेदना होत आहेत’ यापेक्षा ‘कळ मारतीया’ हे वैद्यकीयदृष्ट्या कितीतरी जास्त काटेकोर वाक्य आहे.

काही शब्द मात्र फसवे आहेत. पित्त हा त्यांतला सर्वांत मोठा. घशाशी येणारे आंबट पाणी हेही पित्त, अंगावर उठणाऱ्या गांध्या हेही पित्त आणि अर्धे डोके दुखून उलटी झाल्यावर उतरते तेही पित्त. तीन दुखणी वेगवेगळी, औषधे वेगवेगळी. ‘गॅस’चे तसेच. मधुमेह असलेल्यांना आणि पुष्कळ बायकांना हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत ठसठशीत दुखत नाही. दम लागतो, दरदरून घाम येतो, पोटाच्या वरच्या भागात कसंतरी होते आणि घरातले सोडा आणायला धावतात. ‘चक्कर’ हा तिसरा. घर गरागरा फिरते ती चक्कर बहुधा कानाच्या आतल्या भागाची. उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती रक्तदाब उतरल्याची, कधी रक्त कमी असल्याची. डोके ठीक आहे पण चालताना तोल एका बाजूला जातो, ती मेंदूची किंवा नसांची. ‘अशक्तपणा’ आणि ‘बीपी लो झालंय’ यांच्यामागे तर काहीही लपलेले असते. असा शब्द तोंडात आला की त्याच्या पुढे ‘म्हणजे’ लावावे आणि अंगाला जे जाणवते ते बोलावे.

आणखी एक गंमत वेळेच्या शब्दांची. मराठीत ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. ‘दोन-चार दिवस’ म्हणजे दोनही आणि आठही. घरगुती गप्पांत हे चालते, तापात चालत नाही. डेंगीत धोक्याचा काळ साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, तोही ताप उतरू लागल्यावर येतो. म्हणून आज कितवा दिवस हे कळणे ताप किती आहे याच्याइतकेच महत्त्वाचे. तारीख आठवत नसेल तर खूण सांगावी. बेंदराच्या आदल्या दिवशी, पालीच्या यात्रेहून आल्यावर, बाजारच्या दिवशी संध्याकाळी, कारखान्याचा हंगाम सुरू झाला तेव्हा. अनुभवी डॉक्टर आणि परिचारिका असेच विचारतात आणि तारीख बरोबर निघते.

पक्षाघातात तर प्रश्न तासांचा. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रुग्ण सकाळी सहाला उठला तेव्हाच हात लुळा होता, तर वेळ सहापासून मोजायची नाही. त्याला शेवटचे ठणठणीत कोणी आणि किती वाजता पाहिले, तिथून मोजायची. ‘‘रात्री साडेदहाला टीव्ही बंद करून बोलत बोलत झोपले’’ हे सुनेचे एक वाक्य उपचार ठरवते. आणि बोलणे हे लक्षणही आहेच. चांगला बोलणारा माणूस अचानक बोबडा बोलू लागला, भलतेच शब्द बोलू लागला किंवा समजते पण शब्द फुटत नाही अशी अवस्था झाली, तर घटकाभर वाट पाहायची नसते. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये मेंदूच्या डाव्या पुढच्या भागाचा आणि बोलण्याचा संबंध दाखवला तो वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासूनच.

न बोलण्याची कारणे प्रत्येक वेळी भाषेची नसतात. बाईला अंगावरून जाते आहे हे सांगायला ती महिना-महिना थांबते, आणि डॉक्टरांपुढे आली तरी बोलतात सासूबाई किंवा नवरा. ‘कंबर दुखते’ एवढे सांगून ती परत जाते. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसणे ही तातडीने तपासायची गोष्ट आहे, कारण त्यामागे गर्भाशयाचा कर्करोग असू शकतो. पण ते ‘सांगण्यासारखं नाही’ या कप्प्यात पडते. पुरुषांचेही काही कमी नाही. ‘अशक्तपणा’ म्हणून ताकदीच्या गोळ्या मागणाऱ्याला नेमके काय म्हणायचे आहे ते चौथ्या प्रश्नाला कळते. परसाकडला काळे डांबरासारखे होते हे सांगायला लाज वाटते म्हणून पोटातला रक्तस्राव आठ-आठ दिवस लपून राहतो. अशा वेळी सरळ म्हणावे, ‘‘मला एकटीला बोलायचं आहे.’’ हे म्हणण्याचा प्रत्येक रुग्णाला अधिकार आहे. आणि तोंडाने येत नसेल तर चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवावे. डॉक्टरांना त्यात काही वावगे वाटत नाही.

मिरजेत या सगळ्यात आणखी एक पेच असतो. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उघडले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि बेळगाव, विजापूरकडचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या मिरजेची वाट चालत आले. एका खाटेवर मराठी, शेजारी कन्नड, पलीकडे दख्खनी. ‘होट्टे नोवु’ म्हणजे पोटदुखी हे तिथल्या मामा-मावशींना सहज कळते. दुसऱ्या राज्यातून शिकायला आलेल्या नव्या डॉक्टरला मात्र कन्नडही कळत नाही आणि ‘मुरडा’ही कळत नाही. देशात २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य हा रीतसर भाग झाला आणि सुरुवातीच्या महिन्यातच स्थानिक भाषेची तोंडओळख ठेवली गेली, ते बरे झाले. पुस्तकातून ठणका कळत नाही, तो वॉर्डातच शिकावा लागतो.

आता उलट दिशेने. डॉक्टर जे सांगतात त्याचे काय होते? रुग्णांच्या स्मरणावर झालेल्या अभ्यासांचा २००३ मध्ये घेतलेला एक आढावा सांगतो की, सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेच विसरतात आणि जे आठवते त्यातले जवळपास निम्मे चुकीचे असते. घाबरलेला माणूस ‘ऑपरेशन’ हा शब्द ऐकल्यावर पुढचे ऐकतच नाही. ‘‘कळलं ना?’’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे, मान डोलावणे. मोठ्या माणसाला कळले नाही म्हणणे म्हणजे त्याचा अपमान, असेच वळण लागलेले. त्यापेक्षा डॉक्टरांनी विचारावे, ‘‘आजी, घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल?’’ आणि आजी सांगत असताना जिथे अडतील तिथे पुन्हा समजवावे. डॉक्टरांनी नाही विचारले, तर आजींनीच म्हणावे, ‘‘थांबा हं, मला काय कळलं ते सांगते, चुकलं तर सांगा.’’ अर्धे मिनिट जाते. कित्येक चुका इथेच पकडल्या जातात.

लिहिण्याचा भाग सर्वांत धोक्याचा, आणि त्यात पहिला दोष डॉक्टरांकडे जातो. डॉक्टरांच्या अक्षरावरचे विनोद आता पुरे झाले, कारण चुकीच्या वाचनाने माणसे दगावतात. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये नियमात दुरुस्ती करून औषधे मूळ नावाने, वाचता येईल अशी आणि शक्यतो मोठ्या लिपीतील इंग्रजी अक्षरांत लिहावीत असे बजावले. तरी कागद पाहिले की नियम किती झिरपला ते दिसते. मेथोट्रेक्झेट हे संधिवाताचे उत्तम औषध, पण आठवड्यातून एकदा घ्यायचे. ते कुणी रोज घेतले तर तोंड सोलवटते, रक्तातल्या पेशी घटतात आणि जीव जाऊ शकतो. अशा घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून त्या कागदावर ‘आठवड्याला एक’ एवढे पुरेसे नाही, वार लिहिलेला हवा. इन्सुलिनच्या आकड्यापुढे घाईने काढलेला ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. शिवाय बाटली ४० युनिटची आणि सिरिंज १०० ची, किंवा उलट, असा घोळ झाला की डोस अडीचपटीने चुकतो. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी, नारंगी १०० साठी, हे घरात प्रत्येकाला माहीत असावे. लहान मुलाच्या औषधाचा ‘एक चमचा’ म्हणजे ५ मिलीलिटर, डब्यातला आमटीचा चमचा नव्हे. औषधाबरोबर येणारे टोपण वापरावे.

रुग्णाने काय लिहावे? साधी दोनशे पानी वही पुरते. पहिल्या पानावर नाव, वय, जुने आजार, झालेली ऑपरेशने आणि कोणत्या औषधाची रिअॅक्शन आली होती ते. ही शेवटची ओळ लाल शाईने. दुसऱ्या पानावर चालू औषधे, गोळीच्या पाकिटावरून नाव उतरवून घेऊन. ‘पांढरी लहान गोळी’ हे वर्णन कोणत्याही डॉक्टरला उपयोगाचे नाही, पांढऱ्या लहान गोळ्या शेकड्यांनी आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा घरे दिवसेंदिवस पाण्यात होती. सामानाबरोबर दवाखान्याच्या फायलीही गेल्या. अशा वेळी बीपीची कोणती गोळी चालू होती हे आठवणीतून सांगणे भल्याभल्यांना जमत नाही. वहीच्या पहिल्या दोन पानांचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असला, तर पुढच्या पुरात एवढे तरी वाचेल.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न साताऱ्याने एकदा मोठ्या हिमतीने हाताळलेला आहे. १९५९ मध्ये याच जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्याच शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचे, असे तिचे रूप होते. ती पुढे राज्यभर पसरली आणि १९७२ मध्ये युनेस्कोचा क्रुप्स्काया पुरस्कार तिला मिळाला. त्या वेळी ध्येय होते अंगठा जाऊन सही येण्याचे. आज सही येणारा माणूसही डिस्चार्ज कार्डासमोर निरक्षर असतो, कारण ते इंग्रजीत असते. कार्ड हातात घेताना परिचारिकेकडून किंवा डॉक्टरांकडून तीन गोष्टी मराठीत लिहून घ्याव्यात: काय झाले होते, कोणते औषध किती दिवस, आणि काय झाले तर वेळ न घालवता परत यायचे.

फोनवर बोलण्याचेही असेच. १०८ ला फोन केला की पहिल्या वाक्यात गाव आणि तालुका सांगावा. ‘‘वडगावातनं बोलतोय’’ म्हटल्यावर कोणते वडगाव? कराड तालुक्यात वडगाव हवेली आहे, खटावात जयराम स्वामींचे वडगाव आहे. मग ठळक खूण, मग रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास कसा आहे. रडारड नंतर. आशाताई किंवा नर्सताई मोठ्या रुग्णालयात रुग्ण पाठवताना फोन करतात, त्यांच्यासाठी अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली एक पद्धत चांगली आहे: आत्ता काय होते आहे, आधी काय झाले होते, मला काय वाटते आणि तुमच्याकडून काय हवे आहे. ‘पेशंट सिरियस आहे, पाठवतोय’ यात या चारांपैकी एकही नाही. ‘बाळंतीण, अर्ध्या तासापूर्वी प्रसूती, रक्तस्राव थांबत नाही, नाडी १३०, रक्त तयार ठेवा’ यात चारही आहेत, आणि वाक्य एकच आहे.

तात्यांकडे परत येऊ. दुसऱ्या खेपेला असे तात्या येतात तेव्हा पुष्कळदा बरोबर सातवी-आठवीतली नात असते आणि तिच्या हातात वही. मंगळवार, सकाळी साडेसात, डेअरीला दूध घालून येताना चढावर, आवळलं, चार मिनिटं. गुरुवार, जेवल्यावर चालताना, सहा मिनिटं, घाम. शुक्रवार, काही नाही. शनिवार, बसल्या जागी, दहा मिनिटं. डॉक्टर ती शेवटची ओळ दोनदा वाचतात, कारण चालताना येणारे दुखणे आता बसल्या जागी आले आहे, आणि तात्यांना घरी न पाठवता दाखल करून घेतात.